सायंकाळ एक, दावेदार अनेक

अमेरिकेतील सोरोरिटी, विद्यापीठातील इतर संघटना आणि विद्यार्थिनींची तारेवरची कसरत

ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातले टस्कलूसा हे विद्यापीठाचे शहर वर्ग सुरू होण्याआधीच गजबजून जाते. नव्याने दाखल झालेल्या दोन हजारांहून अधिक मुली, नेटके कपडे करून आणि उन्हाने घामाघूम होऊन, एका मोठ्या घरातून दुसऱ्या मोठ्या घरात जात असतात. प्रत्येक घरात एका सोरोरिटीचा मुक्काम असतो. तिथे गाणी होतात, गप्पा होतात, ओळखी होतात आणि फेरीगणिक काही नावे गळत जातात. अखेरच्या दिवशी हाती पाकीट पडते. कोणत्या 'भगिनीमंडळा'त आपला प्रवेश झाला, हे त्यात लिहिलेले असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या सोहळ्याच्या चित्रफिती टिकटॉकवर जगभर पाहिल्या गेल्या आणि अमेरिकेबाहेरच्या अनेकांना ही प्रथा प्रथमच कळली.

त्यानंतर वर्ग सुरू होतात. मग कधीतरी विद्यापीठातल्या इतर विद्यार्थी संघटनांचा मेळावा भरतो. वादविवाद मंडळ, नाट्यसंस्था, विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र, पर्यावरण गट, विद्यार्थी शासन असे सारेजण आपापली टेबले मांडून नव्या मुलांना हाका मारतात. पण तोवर अनेक मुलींनी आपल्या सायंकाळींचा मोठा वाटा आधीच देऊन टाकलेला असतो.

सोरोरिटीचे सभासदत्व सांभाळून इतर संघटनांत काम करता येते का, हा प्रश्न अमेरिकेतल्या नव्या विद्यार्थिनी दर वर्षी विचारतात. उत्तर बहुधा वेळापत्रकाच्या सल्ल्यातून दिले जाते. रोजनिशी ठेवा, नकार द्यायला शिका, अभ्यासाला अग्रक्रम द्या, असे त्याचे स्वरूप असते. हा सल्ला चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. कारण हा केवळ एका मुलीच्या शिस्तीचा प्रश्न नाही. एखादी संघटना आपल्या सभासदाच्या वेळेवर, पैशावर आणि मतावर किती हक्क सांगते, हा खरा प्रश्न आहे. गेल्या शंभर वर्षांत तो अमेरिकेत अनेकदा ऐरणीवर आला आणि अलीकडे थेट न्यायालयापर्यंतही पोहोचला.

काय असते ही सोरोरिटी?

आपल्याकडच्या महाविद्यालयांत गॅदरिंग असते, राष्ट्रीय सेवा योजना असते, एकांकिका स्पर्धांसाठी झटणारा नाटकवेड्यांचा चमू असतो. या साऱ्यांशी असलेले नाते पदवीबरोबर बहुधा संपते. सोरोरिटीचे तसे नाही. ग्रीक अक्षरांनी ओळखली जाणारी ही केवळ मुलींची संघटना असते. तिच्या शाखा देशभरातील विद्यापीठांत असतात, तिचे गुप्त विधी असतात, वर्गणी असते, अनेकदा राहण्याचे घर असते. आणि सभासदत्व आयुष्यभराचे मानले जाते. मुलांच्या अशाच संघटनेला फ्रॅटर्निटी म्हणतात.

ग्रीक अक्षरांची ही परंपरा १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या 'फाय बीटा कॅपा'पासून सुरू झाली. त्या काळी उच्च शिक्षणाची दारे स्त्रियांना बंदच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हळूहळू उघडली, तरी आत आलेल्या मूठभर मुलींना पुरुषांच्या मंडळांत स्थान नव्हते. म्हणून त्यांनी आपली मंडळे उभारली. इलिनॉयमधील मन्मथ महाविद्यालयात १८६७ मध्ये आणि इंडियानातील आजच्या डीपॉ विद्यापीठात १८७० मध्ये अशा संघटना निघाल्या. 'सोरोरिटी' हा शब्द तर त्याहून नंतरचा. सिरॅक्यूज विद्यापीठात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या 'गॅमा फाय बीटा'साठी तेथील लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो १८८२ मध्ये घडवला. १९०२ मध्ये अशा संघटनांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि आज तीत २६ सोरोरिटी आहेत.

म्हणजे जिथे मुलींना इतरत्र प्रवेश नव्हता, तिथे त्यांनी आपली हक्काची जागा निर्माण केली. हा इतिहास विसरून सोरोरिटीकडे केवळ मेजवान्यांचा अड्डा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. मात्र आज विद्यापीठाची सारी दारे मुलींना उघडी असताना तीच हक्काची जागा इतर दारांच्या आड येते का, हे तपासणेही तितकेच आवश्यक आहे.

पंचेचाळीस तासांचा आठवडा

आधी वेळेचा हिशेब पाहू. अमेरिकी पदवीसाठी साधारणपणे १२० क्रेडिट लागतात. आठ सत्रांत ती पुरी करायची तर दर सत्राला १५ क्रेडिट होतात. तेथील केंद्र सरकारच्या नियमांतील व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे दर आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तासांचे काम अपेक्षित असते. याचा अर्थ, नियमाप्रमाणे अभ्यास करणाऱ्या मुलीचा आठवडा ४५ तासांचा असतो. तीत ग्रंथालयातली किंवा उपाहारगृहातली अर्धवेळ नोकरी मिळवली, की हा आकडा सहज ६० पर्यंत जातो.

उरलेल्या वेळेतून सोरोरिटीचा वाटा निघतो. दर आठवड्याला शाखेची बैठक असते. पहिल्या सत्रात नव्या सभासदांसाठी वेगळे प्रशिक्षण असते. त्याखेरीज समाजकार्यासाठी निधी गोळा करणे, इतर संघटनांबरोबरचे कार्यक्रम, माजी सभासदांचे मेळावे, आणि पुढल्या वर्षी नव्या मुलींची निवड करण्यासाठी सत्र सुरू होण्याआधीच परत येऊन केलेली तयारी. पदाधिकारी झाल्यास हा व्याप दुपटीने वाढतो.

इतर संघटनाही वेळ मागतात. मग फरक कुठे आहे? नाटकाच्या तालमीला एखादीने दांडी मारली तर दिग्दर्शक रागावतो, वृत्तपत्राची बातमी उशिरा दिली तर संपादक टोकतो. पण अनेक सोरोरिटींमध्ये उपस्थितीचे गुण मोजले जातात, गैरहजेरीला दंड असतो आणि गुण कमी पडल्यास कार्यक्रमांना मज्जाव होतो. साहजिकच, दोन कामे एकाच सायंकाळी आली की ज्याला दंड आहे तिकडे पावले वळतात. यात कुणाची दुष्टबुद्धी असते असे नव्हे. पण एक बंधन सक्तीचे आणि बाकीची सारी स्वेच्छेची असली, तर स्वेच्छेची बंधने आधी तुटतात. इतर संघटनांतून मुली हळूहळू का दिसेनाशा होतात, याचे उत्तर बरेचसे या रचनेत आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. मोठ्या विद्यापीठांतील सोरोरिटीचा वार्षिक खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. घरात राहायचे तर अधिकच. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग आणि लॉरा हॅमिल्टन या समाजशास्त्रज्ञांनी मध्य-पश्चिम अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहातील एकाच मजल्यावरील मुलींचा पाच वर्षे मागोवा घेतला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष बोलका आहे. सोरोरिटींभोवती फिरणारे रंगीत सामाजिक जीवन श्रीमंत घरातल्या मुलींना फारसे महागात पडले नाही. कारण पदवी कशीही मिळाली तरी घरचा पैसा आणि ओळखी पाठीशी होत्या. त्याच वाटेने गेलेल्या सामान्य घरांतल्या मुलींची मात्र घसरण झाली. थोडक्यात, तारेवरची कसरत सगळ्यांना सारखीच करावी लागते. खाली जाळी मात्र काहींच्याच असते.

आधी कोणते दार?

वेळ आणि पैसा यांच्याइतकाच महत्त्वाचा, पण दुर्लक्षित राहणारा मुद्दा क्रमाचा आहे. अलाबामासारख्या विद्यापीठांत निवड वर्ग सुरू होण्याआधी होते. अठरा वर्षांच्या मुलीला विद्यापीठात आणखी काय काय आहे, याची कल्पनाही आलेली नसते. शिवाय राष्ट्रीय परिषदेच्या पद्धतीनुसार निवडीच्या अखेरीस मुलीला एका बंधनकारक करारावर सही करावी लागते. त्यात तिने मान्य केलेल्या सोरोरिटीकडून आमंत्रण आले आणि तिने ते नाकारले, तर त्या विद्यापीठातील परिषदेच्या दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत तिला वर्षभर जाता येत नाही. आयुष्यभराचे सभासदत्व ठरते ते असे काही दिवसांत.

हा क्रम अटळ नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सोरोरिटी-फ्रॅटर्निटींच्या निवडीत भाग घेण्यास बंदी घातली. नव्या विद्यार्थ्याने आधी विद्यापीठ पाहावे, मित्र जोडावेत, मग काय ते ठरवावे, अशी त्यामागची भूमिका होती.

कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक सोरोरिटींची रीत मुळातच वेगळी आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात झुंबड उडत नाही. काही सत्रे पूर्ण झालेली असावीत, गुण चांगले असावेत आणि समाजकार्याची नोंद असावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चेन्नईहून अमेरिकेत गेलेल्या श्यामला गोपालन यांची ही कन्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली. तिथे पहिल्या वर्षी विद्यार्थी परिषदेवर निवडून येणे, वादविवाद संघात बोलणे, अर्थशास्त्र मंडळाचे अध्यक्षपद भूषवणे हे सारे झाले आणि 'अल्फा कॅपा अल्फा' या सोरोरिटीत त्या दाखल झाल्या त्या १९८६ मध्ये, म्हणजे अखेरच्या वर्षी. स्वतःची ओळख आधी घडली, भगिनीमंडळ नंतर आले. त्यामुळे ते नाते कमकुवत झाले, असे मात्र मुळीच नाही. २०२४ च्या जुलैमध्ये त्या डॅलसला आपल्या सोरोरिटीच्या अधिवेशनात बोलल्या. जो बायडेन यांनी त्याच महिन्यात अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतल्यानंतर तीनच दिवसांनी त्यांनी इंडियानापोलिस येथे 'झीटा फाय बीटा' या दुसऱ्या कृष्णवर्णीय सोरोरिटीपुढे भाषण केले. नोव्हेंबरमधील निवडणूक त्या हरल्या. पण प्रचारात या भगिनींचे जाळे त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते.

हार्वर्डचा फसलेला उपाय

हॉवर्डशी नामसाधर्म्य असलेल्या, पण सर्वस्वी निराळ्या अशा हार्वर्ड विद्यापीठाने हा प्रश्न वरून, नियमाच्या बळावर सोडवण्याचा प्रयत्न केला. त्याची कथा उद्बोधक आहे.

हार्वर्डमध्ये 'फायनल क्लब' नावाचे पुरुषांचे जुने, धनाढ्य क्लब आहेत. 'पोर्सेलियन'ची स्थापना तर १७९१ ची. स्त्रियांना प्रवेश देण्यास नकार दिल्यावरून १९८४ मध्येच विद्यापीठाने त्यांच्याशी अधिकृत संबंध तोडले होते. मार्च २०१६ मध्ये लैंगिक अत्याचारांना आळा घालण्यासाठी नेमलेल्या समितीने आपल्या अहवालात या क्लबांवर कडक ताशेरे ओढले. दोनच महिन्यांनी, मे २०१६ मध्ये, तत्कालीन अध्यक्षा ड्र्यू फाऊस्ट आणि भारतात जन्मलेले अधिष्ठाता राकेश खुराना यांच्या पुढाकाराने नवे धोरण जाहीर झाले. २०१७ पासून दाखल होणारा जो विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी केवळ पुरुषांच्या वा केवळ स्त्रियांच्या अमान्यताप्राप्त सामाजिक संघटनेचा सभासद असेल, त्याला विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त संघटनांत नेतृत्वाचे पद मिळणार नव्हते, क्रीडासंघाचे कर्णधारपद मिळणार नव्हते, आणि ऱ्होड्स वा मार्शल शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाची शिफारसही मिळणार नव्हती.

बंदी कोणत्याही क्लबवर नव्हती. एक तर हे, नाही तर ते, अशी निवड मात्र विद्यार्थ्यांवर लादली होती. सोरोरिटीत जायचे असेल तर वृत्तपत्राची संपादक, नाट्यमंडळाची अध्यक्ष किंवा हॉकी संघाची कर्णधार होण्याचे स्वप्न सोडायचे, असा याचा अर्थ होता.

नेम धरला होता पुरुषांच्या क्लबवर. घाव बसला स्त्रियांवर. मे २०१६ मध्येच शेकडो विद्यार्थिनींनी हार्वर्डच्या आवारात निदर्शने केली. पुरुषसत्तेच्या जुन्या गडात मुलींनी उभारलेली आधाराची जागा विद्यापीठ स्त्रीसमानतेच्या नावाखाली हिरावून घेत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे घडलेही तसेच. ऑगस्ट २०१८ मध्ये 'डेल्टा गॅमा'ची शाखा बंद झाली. 'कॅपा अल्फा थीटा' आणि 'कॅपा कॅपा गॅमा' यांच्या तेथील सभासदांनी राष्ट्रीय संघटनेशी नाते तोडून नवी नावे घेतली आणि सर्वांना प्रवेश खुला केला. पोर्सेलियनसारखे पुरुषांचे क्लब मात्र आपल्या मालमत्तेच्या आणि माजी सभासदांच्या बळावर जागच्या जागी राहिले. ज्यांच्याकडे पैसा आणि पिढीजात ओळखी होत्या, त्यांना विद्यार्थी मंडळाच्या पदांची फारशी गरजच नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये काही सोरोरिटी व फ्रॅटर्निटींनी न्यायालयात धाव घेतली. एखाद्या मुलीने मुलींच्या संघटनेत जाणे चालत नाही, पण मुलाने त्याच संघटनेत गेलेले चालते, तर हा लिंगाधारित भेदभाव नव्हे काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने हा दावा फेटाळण्याची हार्वर्डची मागणी अमान्य केली. पुढे १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतील लिंगभेदासंबंधी दिलेल्या 'बोस्टॉक' निकालाने या युक्तिवादाला बळकटी आली. त्यानंतर दोन आठवड्यांतच तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स बॅकाऊ यांनी हे धोरण मागे घेत असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणाचा धडा इतकाच, की विद्यार्थिनीच्या निष्ठांची वाटणी विद्यापीठाने हुकुमाने करू नये. दोन्हीकडे काम करणाऱ्या मुलीला एक दार बंद करून दुसरे उघडत नाही. तिचे विश्व फक्त आकसते.

अलाबामातील 'मशीन'

पण म्हणून सोरोरिटीने आपल्या मुलींना बाहेर पाठवले की सारे आलबेल झाले, असेही नाही. अलाबामाचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखवते.

तिथे पारंपरिक श्वेतवर्णीय फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी यांची एक गुप्त आघाडी आहे. 'द मशीन' या नावाने ती ओळखली जाते. विद्यार्थी शासनाच्या निवडणुकीत कुणाला मत द्यायचे, हे या आघाडीत ठरते आणि घराघरांतून तसे मतदान होते, हे तेथील उघड गुपित आहे. १९९३ मध्ये या आघाडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थिनीवर तिच्या घरात हल्ला झाला. त्यानंतर विद्यापीठाने विद्यार्थी शासनच बरखास्त केले. ते पुन्हा सुरू व्हायला १९९६ साल उजाडले. ऑगस्ट २०१३ मध्ये तर टस्कलूसाच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत सोरोरिटी-फ्रॅटर्निटींच्या सभासदांना मतांच्या बदल्यात मोफत मद्याचे आमिष दाखवल्याचे आरोप झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

वरवर पाहता इथल्या मुली सोरोरिटीबरोबर विद्यार्थी शासनातही सक्रिय असतात. अर्ज भरताना दोन्ही नावे दिमाखात झळकतात. पण दुसऱ्या संघटनेत बसून पहिलीचाच हुकूम पाळायचा असेल, तर ते दोन संघटनांतले काम नव्हे. एकाच संघटनेने दुसरीचा घेतलेला ताबा आहे.

गंमत अशी, की या ताब्याला तडा गेला तोही एका सोरोरिटीच्या मुलीमुळेच. सप्टेंबर २०१३ मध्ये 'द क्रिम्सन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने एक बातमी छापली. उत्तम गुण आणि घराण्याचा लौकिक असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिटींनी नाकारले आणि त्यामागे माजी सभासदांचा दबाव होता, अशी ती बातमी होती. एका सोरोरिटीच्या विद्यमान सभासद विद्यार्थिनीने स्वतःच्या नावानिशी ही हकीकत सांगितली होती. आपल्या मंडळाची आतली गोष्ट बाहेर सांगणे हा तिथे मोठा गुन्हा. तरी तिने तो केला. पाठोपाठ शेकडो विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मोर्चा काढला. तत्कालीन अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी निवडीची प्रक्रिया पुन्हा खुली करायला लावली आणि अनेक कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणे गेली. २०१५ मध्ये मशीनचा पाठिंबा नसलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी इलियट स्पिलर्स विद्यार्थी शासनाचा अध्यक्ष झाला. १९७६ नंतर प्रथमच असे घडले होते.

दुहेरी निष्ठेचे फळ

आपल्या मंडळाचे असूनही त्याबाहेरच्या व्यापक समाजाशी इमान राखणाऱ्या मुलींची ही परंपरा जुनी आहे.

हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये स्थापन झालेली 'अल्फा कॅपा अल्फा' ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी. चार-पाच वर्षांतच तिच्यातल्या काहींना वाटू लागले, की केवळ आपसातल्या स्नेहावर आणि विद्यापीठातल्या प्रतिष्ठेवर थांबून चालणार नाही. देशाच्या सार्वजनिक प्रश्नांत उतरले पाहिजे. २२ मुली बाहेर पडल्या आणि १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी 'डेल्टा सिग्मा थीटा' स्थापन केली. त्यांचे पहिले सार्वजनिक काम कोणते? दोनच महिन्यांनी, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनच्या रस्त्यावर निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या ऐतिहासिक मोर्चात त्या चालल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे राहावे, असा दबाव असतानाही चालल्या.

दुसरे उदाहरण स्वार्थमोर महाविद्यालयाचे. तिथे 'कॅपा अल्फा थीटा'ची सभासद असलेल्या मॉली यार्ड या विद्यार्थिनीला आढळले, की आपली सोरोरिटी ज्यू मुलीला केवळ तिच्या धर्मामुळे प्रवेश नाकारते. तिने आवाज उठवला, मोहीम चालवली आणि अखेर १९३३ मध्ये तेथील विद्यार्थिनींनीच मतदान करून सोरोरिटी बंद केल्या. मॉली यार्ड पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय स्त्री संघटनेच्या अध्यक्षा झाल्या.

हॉवर्डच्या मुलींनी जुने मंडळ सोडून नवे काढले, स्वार्थमोरच्या मुलींनी मंडळच मोडले, अलाबामाच्या मुलीने आत राहून सत्य सांगितले. मार्ग तीन असले तरी तिघींच्या पाठीशी मंडळापलीकडचे एक जग होते. ज्या मुलीचे सारे मित्र, सारे कार्यक्रम आणि सारी प्रतिष्ठा एकाच घरात साठलेली असते, तिला त्या घराविरुद्ध बोलणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच वृत्तपत्र, वादविवाद मंडळ वा सेवाप्रकल्प यांतले काम ही सोरोरिटीच्या सभासदासाठी चैन नाही. वेळप्रसंगी 'नाही' म्हणता येण्याची ती पूर्वअट आहे.

भारतीय मुलींपुढचा प्रश्न

या साऱ्याचा पुण्या-मुंबईच्या वाचकांशी संबंध काय, असे कुणी विचारील. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. त्यातले बहुतेक पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले. त्यांचा सोरोरिटीशी सहसा संबंध येत नाही. परंतु बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणारेही ३६ हजारांच्या घरात होते. त्या मुलींना आणि तिथेच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतील मराठी मुलींना हा प्रश्न पहिल्याच सत्रात भेटतो.

दुसऱ्या पिढीने तर स्वतःच्या सोरोरिटी काढल्या. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे भारतीयांना मोकळी झाली. त्या स्थलांतरितांच्या मुली १९९० च्या दशकात महाविद्यालयांत पोहोचल्या. १९९८ या एकाच वर्षी टेक्सास विद्यापीठात 'कॅपा फाय गॅमा', ह्यूस्टन विद्यापीठात 'डेल्टा फाय ओमेगा' आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात 'सिग्मा सिग्मा ऱ्हो' या दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटी स्थापन झाल्या. घरचे संस्कार आणि बाहेरचे जग यांच्या मध्ये सापडलेल्या मुलींना या मंडळांनी मोठा आधार दिला, यात शंका नाही.

मात्र इथे तोल सांभाळणे अधिक अवघड होते. या शाखांची सभासदसंख्या लहान असते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीच्या गळ्यात कोणते ना कोणते पद पडते. शिवाय त्याच मुली भारतीय विद्यार्थी संघटनेत, गरबा-रास किंवा भांगड्याच्या संघात आणि दिवाळीच्या कार्यक्रमातही लागतात. नावे चार, चेहरे तेच. चार संघटनांत काम करूनही मुलगी आपल्याच समाजाच्या वर्तुळात फिरत राहते आणि विद्यापीठाचे वृत्तपत्र, विद्यार्थी शासन किंवा संशोधन गट तिच्यापासून दूरच राहतात.

भारतातून गेलेल्या मुलीवर आणखी एक बंधन असते. विद्यार्थी व्हिसावर असताना पदवीच्या विद्यार्थिनीला साधारणपणे दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात आणि सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तासच नोकरी करता येते. अमेरिकी मैत्रिणीला एखादा विषय सोडून वेळ काढता येतो किंवा बाहेर जास्त काम करून वर्गणी भरता येते. भारतीय मुलीला यातले काहीच सहज शक्य नसते. विषय सोडला तर व्हिसा अडचणीत येतो आणि वर्गणीचा भार शेवटी पालकांच्या रुपयांवर येऊन पडतो.

निवड कोणत्या कसोटीवर?

तेव्हा सोरोरिटीत जावे की जाऊ नये, असा सरधोपट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सही करण्यापूर्वी मुलीने आणि फोनवरून का होईना, तिच्या पालकांनी काही नेमके प्रश्न विचारले पाहिजेत. वर्गणी, दंड, कपडे आणि भेटवस्तू धरून पहिल्या वर्षाचा एकूण खर्च किती? परीक्षेमुळे, नोकरीमुळे किंवा दुसऱ्या संघटनेच्या कामामुळे बैठक चुकली तर सूट मिळते का, की दंडच होतो? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या किती सभासद बाहेर प्रयोगशाळेत, वृत्तपत्रात, क्रीडासंघात आहेत? निवडणुकीत कुणाला मत द्यायचे, हे घरात ठरते का? आणि एक सत्र थांबून दुसऱ्या सत्रात वा दुसऱ्या वर्षी येण्याची मुभा आहे का?

आपल्याकडच्या पालकांना रॅगिंगची भीती असते. अमेरिकेत त्याला 'हेझिंग' म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे देशभर लागू होणारा हेझिंगविरोधी कायदा झाला. महाविद्यालयांना अशा प्रकारांची आकडेवारी द्यावी लागते आणि दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. विशेष म्हणजे हा कायदा केवळ सोरोरिटी-फ्रॅटर्निटींपुरता नाही. क्रीडासंघ, वाद्यवृंद आणि इतर विद्यार्थी संघटनाही त्यात येतात. तो अहवाल पाहणे हा निवडीचा पहिला टप्पा ठरावा.

विद्यापीठांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. निवडीचा हंगाम पुढे ढकलणे, संघटनांचा मेळावा आधी भरवणे आणि खर्चाचे आकडे उघड करायला लावणे यासाठी कुणावर बंदी घालावी लागत नाही. हार्वर्डने ज्या जागी काठी उगारली, तिथे वेळापत्रकातला एवढा बदलही बरेच काही साधू शकला असता.

चांगल्या मंडळाची खूण ओळखणे फारसे कठीण नाही. सभासद मुलगी सायंकाळी वृत्तपत्राच्या कचेरीत उशिरापर्यंत थांबली, तर परतल्यावर तिला तिथे काय केलेस असे विचारले जाते, की कुठे होतीस असे विचारले जाते, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे.